नंदुरबारमध्ये कमी पैशात बँड कसा उभा राहतो? वाद्यं, रेकॉर्डिंग आणि गाण्याची मालकी

नंदुरबार जिल्ह्यात बँड म्हणजे कॅसिओ, बँजो, ऑक्टोपॅड, ढोल, माईक धरलेला गायक आणि गाडीवर चढवलेले स्पीकर. लग्नाची वरात असो, हळद असो की होळीनंतरचा गावातला कार्यक्रम, या संचाशिवाय नाच रंगत नाही. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक काम आलं आहे. स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं.

गाणं चाललं तर सुपाऱ्या वाढतात. पण गाणं गाजल्यावर ते नेमकं कोणाचं, हा प्रश्नही लगेच उभा राहतो. म्हणून कमी पैशात बँड सुरू करताना दोन गोष्टी एकत्र समजून घ्याव्या लागतात. मोजकं सामान वापरून नीट रेकॉर्डिंग कसं होतं, आणि त्या गाण्याचा हक्क कसा राखला जातो.

इथल्या बँडचं वेगळेपण काय?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव (अक्राणी) या सहा तालुक्यांत भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजर अशा अनेक बोली कानावर पडतात. त्यामुळे एकाच बँडला एका लग्नात अहिराणी, तर दुसऱ्या लग्नात पावरी किंवा मावची गाणी वाजवावी लागतात.

या भाषांतल्या गाण्यांना श्रोते कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली-भिलोडी भाषकांची संख्या १ कोटी ४ लाखांहून अधिक नोंदली गेली. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मोठ्या संगीत कंपन्यांचं लक्ष अशा भाषांकडे उशिरा जातं. ती जागा आधी कॅसेटनं भरली आणि आता मोबाईलनं. अहिराणीतलं ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणं यूट्यूबवरून खानदेशाबाहेर पोहोचलं, तेव्हा बोलीतलं गाणं किती लांब जाऊ शकतं हे सगळ्यांनाच दिसलं.

वाद्यांचा मेळही इथलाच आहे. ज्याला आपल्याकडे बँजो म्हणतात तो अमेरिकेतला बँजो नाही. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये १९१२ साली नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. त्याला पिकअप बसवून, आवाज स्पीकरवर काढून महाराष्ट्रानं तो आपलासा केला. सातपुड्यातला मोठा ढोल आणि हा बँजो एकत्र आले की इथल्या बँडचा ओळखीचा आवाज तयार होतो.

वर्षाचं गणित कसं असतं?

दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. होळीला बरेच जण गावी परततात. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, काठीसारख्या गावांत होळीला मोठी गर्दी होते, आणि त्यानंतर पावसाळ्यापर्यंत लग्नसराई चालते. बँडची खरी कमाई याच काळात होते.

म्हणजे गाणं होळीच्या आधी लोकांच्या मोबाईलवर पोहोचलं पाहिजे. लग्नसराई संपल्यावर टाकलेलं चांगलं गाणंही पुढच्या हंगामापर्यंत अडकून पडतं. होळीपूर्वी गाणं यायचं तर चाल आणि शब्द पावसाळ्यात तयार व्हावेत, तालीम दिवाळीपर्यंत पूर्ण व्हावी आणि रेकॉर्डिंग थंडीत व्हावं. पत्र्याच्या छताखाली पावसात रेकॉर्डिंग होत नाही आणि उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून तासभर बसवत नाही. थंडी या कामाला सोयीची असते. ज्या संचातले वादक ऊसतोडीला जातात, त्यांना मात्र त्यांचा भाग जाण्याआधीच रेकॉर्ड करून ठेवावा लागतो.

पैसे आधी कुठे घालायचे?

नवा बँड बहुतेक वेळा स्पीकरपासून सुरुवात करतो आणि तिथेच कर्जात अडकतो. मोठे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि जनरेटर सुपारीपुरते भाड्यानं मिळतात. सुपारीचा इसार हातात आला की त्यातून भाडं निघतं. विकत घ्यायची ती वस्तू, जी तालमीत, कार्यक्रमात आणि रेकॉर्डिंगमध्येही उपयोगी पडेल.

- एक चांगला डायनॅमिक माईक. १९६६ पासून बाजारात असलेला शुअर एसएम५८ हा या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा. असा माईक समोरचा आवाज जास्त घेतो, आजूबाजूचा कमी. त्यामुळे साध्या खोलीतही चालतो.
- दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. माईकचा किंवा कॅसिओचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी ही छोटी पेटी. साधे इंटरफेस काही हजार रुपयांत मिळतात. बरेचसे लॅपटॉपच्याच विजेवर चालतात, म्हणजे वीज गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही.
- कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि गायक तालाच्या मागे पडतो.
- माईकचा स्टँड आणि दोन चांगल्या केबल.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च नाही. ऑडॅसिटी २००० सालापासून मोफत आहे. बँडलॅब मोबाईलवरही चालतं. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं.

घरच्या खोलीत रेकॉर्डिंग कसं होतं?

खराब रेकॉर्डिंगचं कारण बहुतेक वेळा माईक नसतो, खोली असते. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि तो नंतर काढता येत नाही. धान्याची पोती, गाद्या आणि कपडे असलेली खोली जास्त चांगली. गायकाच्या मागे आणि बाजूला दोरीवर जाड गोधड्या टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं.

दुसरी गोष्ट अंतराची. माईक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. गाण्यासाठी एक वीत अंतर ठीक. ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसू नये म्हणून माईक तोंडाच्या थोडा बाजूला ठेवतात.

क्रम साधारण असा असतो. आधी ताल ठरवून क्लिक लावायचा. त्यावर कॅसिओ आणि बँजो थेट केबलनं घ्यायचे. मग ढोल, मग मुख्य गायक, शेवटी कोरस. प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर असला की एकाची चूक सगळ्यांना पुन्हा वाजवायला लावत नाही. गायन-वादनाचा सर्वात मोठा आवाजही मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

ढोलाचं वेगळं. तो घुमणाऱ्या खोलीपेक्षा उघड्या अंगणात, भिंतींपासून लांब चांगला रेकॉर्ड होतो. माईक दोन-तीन पावलांवर ठेवून आधी सर्वात जोरात वाजवून पाहायचं आणि त्यावर आवाजाची पातळी ठरवायची. मोबाईलवर रेकॉर्ड करताना फोनचं स्वयंचलित नियंत्रण ढोल वाजताच गायकाचा आवाज दाबतं. म्हणून फोन वापरायचाच असेल तर ढोल आणि गायन वेगवेगळं घेतलेलं बरं. फोन आधी फ्लाइट मोडवर टाकावा, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. बहुतेक लोक हे गाणं आधी मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ऐकणार. त्या स्पीकरमधून ढोलाचा खोल घुमारा जवळजवळ ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो काठीचा टणत्कार. मिक्सिंगमध्ये तो टणत्कार जपला नाही तर वरातीत जमीन हलवणारा ढोल मोबाईलवर गायब होतो. म्हणून गाणं पूर्ण झाल्यावर हेडफोन, बँडच्या गाडीचे स्पीकर आणि साधा मोबाईल अशा तिन्ही ठिकाणी ऐकून पाहतात.

स्टुडिओत जायचं असेल तर सगळी तालीम आधी संपवून जायचं. तिथे तासाचे पैसे लागतात. पुष्कळ संच वाद्यं घरी रेकॉर्ड करतात आणि स्टुडिओत फक्त गायन आणि मिक्सिंग करून घेतात. काम संपल्यावर केवळ तयार गाणं आणायचं नाही, सुटे ट्रॅकही मागून घ्यायचे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाचा तीन मिनिटांचा एक मोनो ट्रॅक सुमारे २६ एमबी भरतो. दहा ट्रॅकचं गाणं पेनड्राइव्हवर सहज मावतं. ते दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावं.

गाणं नेमकं कोणाचं?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि रेकॉर्डिंग निर्मात्याचं. निर्माता म्हणजे ते रेकॉर्डिंग करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. गायक आणि वादकांना यापेक्षा वेगळे कलाकार म्हणून हक्क असतात.

एखाद्या चॅनेलवाल्यानं रेकॉर्डिंगचा आणि व्हिडिओचा खर्च केला आणि बँडला एकरकमी मानधन दिलं, तर रेकॉर्डिंगवर त्याचा दावा उभा राहतो. गाणं कोटीत गेलं तरी बँडच्या हातात काही उरत नाही, असं होऊ शकतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एक कागद लागतो. कायद्यातल्या काही तरतुदी बँडच्या बाजूच्या आहेत:

- हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच वैध ठरतं. तोंडी बोलणं पुरत नाही.
- कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते.
- २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला सोडून देऊ शकत नाहीत.

नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर उपयोगी पडते. शब्द किंवा चालीच्या नोंदणीचं सरकारी शुल्क प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाचं २,००० रुपये आहे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईत काम करते.

पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेलेल्या होळीच्या किंवा लग्नाच्या गाण्यावर कोणा एकाची मालकी नसते. त्याच्या नव्या रेकॉर्डिंगवर मात्र असते. त्यामुळे एखाद्या चॅनेलनं पारंपरिक चालीचं आपलं रेकॉर्डिंग यूट्यूबच्या कंटेंट आयडीत टाकलं, तर तीच चाल वाजवणाऱ्या दुसऱ्या गावच्या बँडवर दावा येऊ शकतो. अशा वेळी ‘ही पारंपरिक चाल आहे, रेकॉर्डिंग आमचं आहे’ असा आक्षेप नोंदवता येतो. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर दावा सुटतो. सुटे ट्रॅक जपून ठेवण्याचा उपयोग इथे होतो.

वरातीत फिल्मी गाणी चालतात का?

लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेल्या सामाजिक सोहळ्यात गाणी वाजवणं हे कायद्याच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. पण ही सूट त्या सोहळ्यात वाजवण्यापुरती आहे. त्याच फिल्मी गाण्याचं रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकायला परवानगी लागते. स्पीकरचा नियमही लक्षात ठेवावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सुपारी घेतानाच ही वेळ ठरवली की मांडवात भांडण होत नाही.

यूट्यूबवरून किती मिळतं?

जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. चार मिनिटांचं गाणं ६०,००० वेळा पूर्ण पाहिलं गेलं तर ४,००० तास होतात. म्हणून नव्या बँडसाठी यूट्यूब ही आधी जाहिरात आहे, कमाई नंतर. व्हिडिओखाली बँडचा नंबर नसेल तर त्या जाहिरातीचाही उपयोग नाही.

त्याच जागेत आणखी काही ओळी मावतात. गाण्याची भाषा, गाव, गीतकार, संगीतकार, गायक, ढोल आणि बँजो वाजवणाऱ्यांची नावं. हे लिहायला पैसे लागत नाहीत. पण चार वर्षांनी तेच गाणं दुसऱ्या कोणाच्या नावावर फिरू लागलं, तर तारखेसह असलेली ही नोंद आणि तो सहीचा कागद, एवढाच बँडचा आधार असतो.