नोंद एक, प्रती तीन

मागच्या दिवाळीत घरी, म्हणजे बुलढाण्याला गेलो होतो. एक वर्गमित्र म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग पणजोबांच्या लग्नाची नोंद शोधून दे." लग्न १९१० च्या आसपासचं, वऱ्हाडातल्या एका अँग्लिकन चर्चमध्ये लागलेलं. तिथली वही वाळवीने खाल्लेली. म्हटलं, दोन क्लिकचं काम! दोन वीकएंड गेले राव.

मुळात शोधायचं कुठे? वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. चर्चचा नकाशा आणखी वेगळा. १९०३ मध्ये नागपूरच्या धर्मप्रांताला आयर चॅटर्टन हे पहिले बिशप मिळाले. १९३० मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं होऊन स्वतंत्र प्रांत बनलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच उत्तर भारतातली अँग्लिकन आणि इतर काही चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. म्हणजे कंपनी मर्ज झाली, पण जुने सर्व्हर कुणाच्या ताब्यात?

उत्तर शोधताना १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा वाचला आणि चाटच पडलो. पाद्र्याने दर तिमाहीच्या लग्नांचा तक्ता, तिमाही संपल्यावर दोन आठवड्यांत, दोन प्रतींत आर्चडीकनच्या निबंधकाकडे पाठवायचा. त्याने त्यातली एक प्रत सरकारी रजिस्ट्रार जनरलकडे धाडायची. मूळ वही चर्चमध्येच. एका नोंदीच्या तीन प्रती, तीन ठिकाणी! आपण ज्याला ऑफसाइट बॅकअप म्हणून मिरवतो, ते हेच की.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिकांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती आहेत. पण त्यात भरणा मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांचा. मित्राचे पणजोबा तिथे सापडले नाहीत. कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजात जुन्या अँग्लिकन प्रांताचे बरेच कागद आहेत, पण ते वरच्या पातळीवरच्या कारभाराचे.

खरी गंमत पुढेच. मित्राच्या आईने ट्रंकेतून एक वही काढली. पणजोबा चर्चच्या पंचमंडळाचे चिटणीस होते, त्यांच्या हातचं हे इतिवृत्त. छपराची कौलं, वर्गणीचे आणे, दफनभूमीच्या कुंपणावरून झालेलं भांडण, सगळं मराठीत. असल्या वहीची प्रत कुठेच पाठवायची नव्हती. कायद्याने लग्न जपलं, माणसांचा कारभार नाही जपला. त्यात बुलढाणा-खामगावकडे अमेरिकन अलायन्स मिशनचं काम मोठं, अँग्लिकन मंडळी थोडी. थोड्यांचे कागद लवकर हरवतात.

आम्ही दोघांनी पानं न उसवता, क्रम न मोडता फोटो काढले. हा क्रम महत्त्वाचा हं! कुठला कागद कुणी, कशानंतर लिहिला हे गेलं की उरते रद्दी. फाइलींना तारखा दिल्या आणि प्रती तीन घरी ठेवल्या.

लग्नाची नोंद अजून मिळालेली नाही. काकू मात्र खूश. वही परत ट्रंकेत ठेवताना म्हणाल्या, "आता वाळवीला तीन घरं फिरावी लागतील!"

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी वही असेल. येत्या रविवारी जरा बघाच.