तापणारी शहरे आणि छपराची वास्तुकला

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला. त्या महिन्यातील मृत्यूंची २००९ व २०११ च्या मे महिन्यांशी तुलना केली असता १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. या अनुभवानंतर महापालिकेने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा लागू केला. पूर्वसूचना, पाणपोया आणि रुग्णालयांची सज्जता हा त्याचा प्रारंभीचा भर होता. २०१७ मध्ये त्यात वास्तुरचनेशी थेट संबंध असलेला एक उपाय आला. शहरातील सुमारे तीन हजार छपरांना पांढरा परावर्तक लेप देण्यात आला.

भविष्यातील वास्तुकलेची चर्चा बहुधा काचेचे मनोरे आणि यंत्रमानवांनी बांधलेली घरे यांभोवती फिरते. भारतातील खरा प्रश्न मात्र एकमजली घराच्या पत्र्यावर आणि गच्चीच्या स्लॅबवर येऊन थांबतो. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी सौरऊर्जा पडू शकते. उभ्या भिंतींवर ऊन तिरपे पडते. छपराला असा दिलासा नसतो. पत्रा काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता थेट खाली सोडतो. काँक्रीटचा स्लॅब सावकाश तापतो, पण दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडत राहतो. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्रीही गारवा मिळाला नाही, तर उष्माघाताचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टरांच्या दृष्टीने रात्रीचे तापमान दुपारच्या उच्चांकाइतकेच महत्त्वाचे असते.

ही समस्या जुन्या बांधकामाला अपरिचित नव्हती. मराठवाडा आणि खानदेशातील माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. दुपारची उष्णता त्या थरातून आत झिरपेपर्यंत दिवस मावळायला आलेला असे आणि घरातील माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपायला जात. या घरांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी माती टाकून, चोपून गळती रोखावी लागे आणि ते कष्ट घरातीलच कुणीतरी करत असे. शहरातील भाडेकरूला ते शक्य नाही. गुजरात आणि मुंबईत रूढ असलेली, चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांची पांढरी गच्ची हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. ती पाणी अडवते आणि ऊनही परतवते.

पुण्यात जन्मलेले आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी हेच तंत्र आधुनिक इमारतीत आणले. अहमदाबादमधील ‘संगत’ या त्यांच्या कार्यालयाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. अर्धवट जमिनीत उतरलेल्या त्याच्या कमानदार छपरांवर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचेच आवरण आहे. इंदूरजवळील ‘अरण्य’ वसाहतीत दोशी यांनी अल्प उत्पन्न गटासाठी तोच विचार वेगळ्या मार्गाने केला. तेथे अनेक कुटुंबांना जोते, नळजोडणी, शौचालय आणि फार तर एक खोली देण्यात आली. उरलेले घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवले. घरे रांगेत आणि एकमेकांना चिकटून असल्याने बाजूच्या भिंतींना ऊन लागत नाही. अशा घरात उन्हाचा मुख्य मारा उरतो तो छपरावर.

पांढरा लेप हा सर्वांत स्वस्त उपाय असला, तरी तो रामबाण नाही. त्यामुळे खोलीचे तापमान साधारणतः दोन ते पाच अंशांनी उतरते. धूळ बसली की परावर्तन घटते, आणि चुन्याचा लेप तर एका पावसाळ्यातच धुऊन जातो. किनारपट्टीच्या दमट हवेत वारा खेळता ठेवणाऱ्या समोरासमोरच्या खिडक्यांना तितकेच महत्त्व आहे. बहुमजली इमारतीत लेपाचा लाभ मुख्यतः वरच्या मजल्याला मिळतो.

पर्याय म्हणून वातानुकूलन यंत्राकडे पाहिले जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यानुसार, २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशातील शीतकरणाची मागणी सुमारे आठ पटींनी वाढण्याचा अंदाज आहे. ही मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करत नाही, ती गल्लीत टाकते. ज्या घरात यंत्र नाही, त्याच्या खिडकीशी ती पोहोचते.

नियम आहेत. निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिते’ने छपरातून होणाऱ्या उष्णतावहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅट अशी ठरवली. संहिता मात्र ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये स्वतंत्र शीत छप्पर धोरण आणले. पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छपरे, त्यांपैकी २०० हैदराबाद परिसरात, असे त्याचे लक्ष्य आहे. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक आहे. निवासी इमारतींबाबत ६०० चौरस यार्डांखालील भूखंडांना ते ऐच्छिक ठेवण्यात आले. प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण परवानगीसाठी नकाशा सादर होतो तेथेच नियमाची अंमलबजावणी करता येते. पत्र्याच्या घराचा नकाशा पालिकेकडे येत नाही. त्या छपरावर लेप कोण देणार, दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा कोण लावणार आणि भाड्याच्या खोलीत त्याचा खर्च घरमालकाने करायचा की भाडेकरूने, हे प्रश्न अद्याप महापालिकांच्या अंदाजपत्रकांवर आणि स्वयंसेवी संस्थांच्या उपक्रमांवर सोपवलेले आहेत.