आरोग्य केंद्राच्या गच्चीवरचा सोलर: गरम पाणी कुठं अडतं, अन् काय तपासायचं

मागच्या डिसेंबरात भाचीचं बाळंतपण एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झालं. डॉक्टर, सिस्टर सगळे वेळेवर हजर, तक्रार काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसायला गरम पाणी मिळेना. बाहेरच्या चहावाल्याकडून पातेलंभर पाणी आणलं, तेव्हा काम झालं. गच्चीवर मात्र 200 लिटरचा सोलर बसवलेला होता. वर जाऊन बघितलं तर काचेच्या नळ्यांवर बोटभर धूळ, दोन नळ्या फुटलेल्या, थंड पाण्याचा कॉक बंद. असे सोलर ठिकठिकाणी दिसतात, म्हणून ही माहिती.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं 'सोलर' म्हटलं की लोक दोन वेगळ्या वस्तू एकच समजतात. निळ्या-काळ्या पॅनेलवर वीज तयार होते, त्यावर दिवे, पंखे, लसीचा फ्रिज चालतो. सोलर वॉटर हीटर वीज तयार करत नाही, तो उन्हानं थेट पाणी तापवतो. गच्चीवर पॅनेल आहेत म्हणून त्यांच्या बॅटरीवर गिझर लावू नये. दोन किलोवॉटचा गिझर बॅटरी बघता बघता उतरवतो, अन् रात्री प्रसूतीच्या वेळी दिवाच जातो. विजेचा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर संस्थांच्या 2023 च्या अहवालानुसार गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जवळपास 100 कोटी लोक अशा दवाखान्यांवर अवलंबून आहेत, जिथं वीज एक तर भरवशाची नाही किंवा मुळीच नाही.

सोलर हीटर चालतो कसा? उन्हानं प्लेट किंवा नळीतलं पाणी तापतं, तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. टाकीभोवती जाड फोमचा थर असतो, त्यामुळं दिवसा तापलेलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत बऱ्यापैकी गरम राहतं. चांगल्या उन्हात पाणी 60 अंशांवर जातं. हिशोब सांगतो: 100 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण साडेचार युनिटपेक्षा जास्त वीज लागते. 200 लिटरला नऊ युनिटच्या वर. तेवढी बचत रोजची, ऊन असेल तोपर्यंत.

सहा खाटांच्या केंद्राला किती लिटर हवं? एका बाईच्या अंघोळीला 25 लिटर कोमट पाणी धरा. त्यात निम्मं गरम, निम्मं थंड. सहा जणींना 75 लिटर गरम पाणी पुरतं. कपडे आणि फरशी धुण्याचं धरलं तरी 200 लिटरचा सोलर चालतो. जननी सुरक्षा योजनेत बाळंतिणीनं 48 तास केंद्रात राहावं असं अपेक्षित आहे. बायका घाईनं घरी का निघतात, याच्या कारणांत थंड पाणी हेही एक असतं, असं मला आशाताईंशी बोलताना कळलं.

आता बिघाड. आपल्या भागात पहिलं कारण बोअरचं जड पाणी. चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो, तसा थर तांब्याच्या बारीक नळ्यांत बसतो अन् पाणी फिरायचं थांबतं. सपाट प्लेटचा सोलर जड पाण्याला लवकर हार मानतो. काचेच्या नळ्यांच्या सोलरमधला गाळ नळी काढून साफ करता येतो, पण काच फुटायचं भ्या. माकडं अन् गारपीट दोन्ही आपल्याला नवी नाहीत, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विसरण्यासारखी नाही. ज्या गावात माकडांचा त्रास आहे तिथं वर जाळी लावावी. पाणी जड असेल तर घेतानाच तसं सांगून यंत्र निवडावं.

दुसरं कारण, वरच्या टाकीत पाणीच नसतं. नळ्या रिकाम्या तापल्या अन् दुपारी थंड पाणी सोडलं तर काच तडकते. म्हणून रिकामा सोलर भरायचा तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर भरावा. टाकीवरचा हवेचा पाइप बुजू देऊ नये, नाही तर टाकी चेपते किंवा फुटते. प्लेट दक्षिणेकडं तोंड करून असावी, नऊ ते तीनच्या दरम्यान तिच्यावर झाडाची सावली पडू नये. लावताना नसलेला लिंब पाच वर्षांत उंच होतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

एक साधी गोष्ट अशी की नळ सोडल्यावर पहिलं पाणी थंडच येतं. शंभर फूट लांब पाऊण इंची पाइपात जवळपास नऊ लिटर पाणी थंड पडून असतं. लोक अर्धी बादली बघून 'बंद आहे' म्हणून निघून जातात. पाइपाला फोमची नळी चढवली अन् प्रसूती कक्षाजवळचाच नळ जोडला तर हा प्रश्न कमी होतो.

सोलरचं पाणी काय करत नाही हेही कळायला हवं. 60 अंशांच्या पाण्यानं औजारं निर्जंतुक होत नाहीत. त्याला ऑटोक्लेव्ह लागतो, वाफ 121 अंशांवर दाबाखाली. रक्त लागलेली औजारं अन् कपडे आधी थंड पाण्यातच धुवावेत, गरम पाण्यात रक्त चिकटून बसतं, हे घरच्या बायांना सांगायला नको. रुग्णांच्या चादरी गरम पाण्यानं निर्जंतुक करायच्या तर 70 अंशांच्या वरचं पाणी अन् 25 मिनिटं लागतात, म्हणून सोलरचं पाणी पुढं तापवून घ्यावं लागतं. हात धुताना साबण महत्त्वाचा, पाणी गार असलं तरी चालतं.

आणि बाळ. जन्मल्याबरोबर अंघोळ घालू नये, किमान 24 तास थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोवर आईच्या अंगाला लावून ऊब द्यावी. नंतर अंघोळ घालताना बादलीत आधी थंड, मग गरम पाणी ओतावं अन् कोपरानं बघावं. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाचीही कातडी पाच-सहा सेकंदांत भाजतं. उलट टाकीत कोमट पाणी बरेच दिवस पडून राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे न्यूमोनियाचे जंतू वाढू शकतात. वापर थांबलेला असेल तर टाकी रिकामी करून ताज्या पाण्यानं भरावी.

पावसाळ्यात ढग असतात तेव्हा पाणी कोमटच राहतं. बाळंतपण काही ऊन बघून होत नाही, म्हणून टाकीत विजेचा हीटर जोडलेला असावा. त्याचं बटण कोणाच्या हातात आहे हेही ठरलेलं असावं.

देखभाल कोणी करायची, इथं सगळं अडतं. बसवणाऱ्याची गॅरंटी संपते, बदली होऊन जुने डॉक्टर जातात, सोलर तसाच राहतो. प्रत्येक केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते, तिला दरवर्षी थोडा निधी मिळतो अन् लहान दुरुस्ती त्यातून होऊ शकते. समितीच्या बैठकीत विचारा: सोलर कोणत्या वर्षी बसला, नळ्या कोण पुसतं, शेवटचा गाळ कधी काढला, वार्षिक देखभालीचा करार आहे का? हेच ग्रामसभेतही विचारता येतं. त्या केंद्राच्या बाबतीत मीही हेच विचारलं, तेव्हा बंद कॉक उघडला अन् दोन नळ्या बदलल्या. धूळ मात्र एका सफाई करणाऱ्या बाईनं, सांगायच्या आधीच, ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती.