मागे राहणाऱ्यांचे घर

काही काळासाठी घर सोडून दूर जाणारा माणूस आणि मागे राहून ते घर राखणारा माणूस यांच्यात एक अलिखित करार असतो. जाणारा म्हणतो, "घराकडे लक्ष असू द्या." राहणारा म्हणतो, "काळजी करू नका." परंतु लक्ष म्हणजे नेमके किती? रोजचा केर, आठवड्याचे सारवण, की केवळ कुलूप शाबूत राखणे? हे निघताना कोणी विचारीत नाही, आणि परतल्यावर कोपऱ्यातील जळमटे पाहून मने कलुषित होतात. प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याचा गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येते.

पाटोदा बालाघाटच्या डोंगररांगांत वसला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. मात्र उगमाच्या भूमीची तहान न भागवताच ती पुढे निघून जाते. पाऊस थोडा, जमीन हलकी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्याच सुमारास शेजारच्या नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याची उभारणी चालली होती. १९५० साली प्रवरेकाठी त्याचे गाळप सुरू झाले. पुढे पश्चिम महाराष्ट्रात असे कारखाने वाढत गेले आणि ऊस तोडण्यासाठी माणसे लागू लागली. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीचा उरलासुरला आधारही ढासळला. मुकादमाकडून उचल घ्यावी, नवरा-बायकोने मिळून एक 'कोयता' व्हावे आणि हंगाम गाठावा, हा पाटोद्याच्या अनेक घरांचा वार्षिक क्रम झाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. त्या चैत्र-वैशाखात परततात.

आता या घरांचा विचार करू. नवरात्रापूर्वी आपल्याकडे 'दसरा काढतात', म्हणजे सारे घर झाडून, भिंती सारवून, पांघरुणे धुऊन लख्ख करतात. याचा अर्थ असा, की वर्षातून घर जेव्हा सर्वाधिक स्वच्छ असते, त्याच सुमारास ते दुसऱ्याच्या हाती सोपवले जाते. जाणाऱ्या सुनेच्या डोळ्यांत ते दसऱ्याचे घर राहते. पाच-सहा महिने ती मनाने त्याच घरात वावरते, आणि परतल्यावर त्याच घराची अपेक्षा करते.

मागे कोण असते? बहुधा म्हातारी सासू, थकलेले सासरे आणि शाळेत जाणारी नातवंडे. पाणी दुरून आणायचे. माघ सरला, की विहिरींचे पाणी तळाला जाते. बैल गाडीबरोबर गेलेले असतात, तेव्हा सारवणासाठी शेणही शेजाऱ्याकडे मागावे लागते. अशा वेळी म्हातारीने प्रथम काय करावे? हंडाभर पाणी नातवंडांना पाजावे, की जमिनीला द्यावे? तिने योग्य तेच केलेले असते. तरीही परतलेली सून म्हणते, "आत्या, घराचा नुसता उकिरडा झाला." म्हातारी ऐकून घेते. सुनेचाही दोष म्हणवत नाही. सहा महिने ज्या आठवणीवर तिने दिवस काढले, ती आठवण दारातच मोडलेली असते.

आणि ती सून कुठून आलेली असते? बांबू, पाचट आणि ताडपत्री यांच्या कोपीतून. तिथे तीच परक्या भूमीवर राहणारी. फड मोकळा व्हावा, रान साफ राहावे, ही मालकाची अपेक्षा. परंतु शौचालय, न्हाणी आणि पुरेसे पाणी यांची सोय फार थोड्या ठिकाणी होत आली. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेरा हजारांहून अधिक स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे त्या वेळी पुढे आले. त्यामागील कारणे अनेक होती. तथापि पाण्यावाचून व आडोशावाचून काढलेले हंगाम त्यांतून वगळता येत नाहीत. घरी म्हातारी आणि फडावर सून, दोघींची व्यथा एकच: स्वच्छतेची अपेक्षा आहे, साधन नाही.

मग अपेक्षा ठेवूच नये काय? ख्रिस्तसभेचा अनुभव निराळे सांगतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियम लिहिले. स्वयंपाकघराची सेवा आठवड्याने एका बंधूकडून दुसऱ्याकडे जाई. सेवा संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करावी, हातपाय पुसण्याची वस्त्रे धुवावी, भांडी स्वच्छ व अखंड परत करावी, अशी स्पष्ट आज्ञा आहे. काय दिले आणि काय घेतले, हे दोन्हीकडे ठाऊक असावे, हा त्यातील हेतू. परंतु त्याच अध्यायात त्यांनी सांगितले, की जे दुर्बळ असतील त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते खिन्न मनाने सेवा करणार नाहीत. शिस्त आणि दया त्यांनी एकाच पानावर ठेवली.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दाखलाही आठवावा. परदेशी जाणारा धनी घर सोडताना प्रत्येक दासाला त्याचे काम नेमून देतो, आणि त्याबरोबर अधिकारही देतो. द्वारपाळाने जागे राहावे, हे आपण नेहमी ऐकतो. अधिकार दिला, हे शब्द मात्र कानांवरून निसटतात. काम देणाऱ्याने ते पार पाडण्याचे सामर्थ्यही द्यावे, हा त्यातील न्याय आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली मंजूर केली, तीत मागे राहणाऱ्यांच्या भाराची थोडी दखल दिसते. उरलेले काम घराघरांचे आहे. आपल्या धर्मग्रामांतूनही मुले मुंबईला, आखातात, परदेशी जातात, आणि घर वृद्ध आईबापांच्या किंवा शेजाऱ्यांच्या हाती राहते. निघताना शेजारी बसून स्पष्ट बोलावे: कोणती खोली बंद ठेवायची, काय रोज करायचे, काय राहिले तरी चालेल. पाण्याची आणि मदतीच्या हाताची तजवीज आधी करावी. अपेक्षा मागाहून सांगावी. आणि परतल्यावर प्रथम घर पाहू नये. ज्यांनी ते राखले, त्यांची प्रकृती विचारावी. केर दुसऱ्या दिवशीही काढता येतो.