कांतीचें वैद्यक: चीन आणि आपण

नरकचतुर्दशीच्या पहांटे पाटाभोंवतीं रांगोळी काढून, तेल लावून, उटण्यानें अंग चोळून आंघोळ करण्याची रीत आमच्या घरीं अजूनहि चालू आहे. नोकरीधंद्यामुळें पांगलेलीं मुलें त्या दिवसापुरतीं एकत्र येतात आणि थंडीनें कुडकुडत कां होईना, पाटावर बसतात. मागच्या एका दिवाळींत माझ्या पुतणीनें मात्र चेहऱ्यास उटणें लावूं दिलें नाहीं. तिच्या गालांवर लाल चट्टे उठले होते व ऊन लागतांच चेहऱ्याची आग होत असे. विचारपूस करतां कळलें तें असें: लग्नाचीं बोलणीं चाललीं असतां एका ठिकाणाहून 'मुलगी सांवळी आहे' असा निरोप आला. तो जिव्हारीं लागून तिनें कोणाच्या तरी सांगण्यावरून एक मलमाची डबी आणविली. डबीवर चिनी अक्षरें होतीं, एका राणीचें चित्र होतें, आणि हजारों वर्षांच्या चिनी वैद्यकाचें हें गुपित असल्याची ग्वाही होती. आंत काय आहे, हें मात्र कोठेंच लिहिलेलें नव्हतें. कांहीं आठवडे चेहरा उजळला. मलम थांबवितांच तो भाजल्यासारखा झाला. त्वचारोगाच्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं, अशा मलमांत पुष्कळदां स्टिरॉइड मिसळलेलें असतें व त्याचे परिणाम ओसरण्यास महिने लागतात.

मी वैद्य नव्हे. इतिहास शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. परंतु 'हजारों वर्षांचें गुपित' हे शब्द इतिहासाच्या शिक्षकास आव्हानासारखे वाटतात. चिनी वैद्यकानें त्वचेविषयीं खरोखर काय सांगितलें? तें गुपित होतें काय? आणि आपल्या पाटावरच्या त्या उटण्याशीं त्याचें कांहीं नातें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें शोधतांना मला जें आढळलें, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्र, चीन आणि वैद्यक हे तीन शब्द एकत्र उच्चारले कीं, आपणांस सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण होते. १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून ते चीनला गेले आणि १९४२ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. पण दोन देशांतील वैद्यकाची ही देवघेव त्यांच्याहि पूर्वीं तेरा शतकें चालू होती, व तिचे साक्षीदार आमच्या या छत्रपती संभाजीनगरच्या परिसराशीं अगदींच अपरिचित नाहींत. इ. स. ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रांत आला. डोंगरांत कोरलेल्या ज्या विहाराचें वर्णन त्यानें केलें आहे, तें येथून सुमारें शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याचेंच असावें, असें बहुतेक पंडित मानतात. मराठी माणसाचा ताठा, त्याची कृतज्ञता व त्याचा सूड या गोष्टी त्यानें लिहून ठेवल्या, हें आपण अभिमानानें मुलांस शिकवितों. पण भारतीयांच्या स्वच्छतेविषयीं त्यानें जें लिहिलें, त्याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. हे लोक जेवणापूर्वीं हातपाय धुतात, जेवणानंतर दंतकाष्ठानें दांत स्वच्छ करतात, अंगास चंदन व हळदीसारखीं सुगंधी द्रव्यें लावतात, आणि आजारी पडल्यास औषधापूर्वीं सात दिवस लंघन करून पाहतात, असें त्यानें नोंदविलें आहे.

त्याच्या मागोमाग आलेला इत्सिंग हा या बाबतींत अधिक चौकस. ६७१ सालीं तो चीनहून जहाजानें निघाला. नालंदेस सुमारें दहा वर्षें राहिला. आणि ६९५ सालीं मायदेशीं परतला. त्याच्या ग्रंथाचें ताकाकुसु यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १८९६ सालीं प्रसिद्ध झालें. इत्सिंगनें स्वतः वैद्यकाचा अभ्यास केला होता. परंतु तें भिक्षूचें खरें काम नव्हे म्हणून तो पुढें सोडून दिला, असें तो सांगतो. त्यामुळें त्याची नजर वैद्याची आहे, पण तिच्यांत धंद्याचा स्वार्थ नाहीं.

हा मनुष्य आपल्या देशाचा अभिमान सोडीत नाहीं. सुया टोंचून व डाग देऊन रोग बरे करण्यांत आणि नाडी पाहण्यांत चीनची बरोबरी जंबुद्वीपांतील कोणताहि देश करूं शकत नाहीं, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. मात्र रोजच्या राहणीचा प्रश्न आला कीं, तो आपल्याच लोकांस भारताचा कित्ता गिरविण्यास सांगतो. स्नानावर तर त्यानें एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. नालंदेस दहांहून अधिक मोठीं तळीं होतीं. सकाळीं घंटा वाजतांच शेंकडों भिक्षू स्नानाचें वस्त्र घेऊन निघत. स्नान भुकेल्या पोटीं करावें, म्हणजे अंग स्वच्छ होतें व पुढें खाल्लेलें अन्न पचतें. भरल्या पोटीं स्नान करणें वैद्यकशास्त्रास मान्य नाहीं, हें त्यानें आवर्जून सांगितलें. भुकेल्या पोटीं केंस धुवावे आणि जेवल्यावर आंघोळ करावी अशा अर्थाची एक म्हण त्या काळीं चीनमध्यें होती. ती सर्वत्र खरी मानूं नये, असें तो बजावतो. हें वाचतांना मला माझी आजी आठवली. "जेवून आंघोळ करूं नये रे," असें ती म्हणे, तेव्हां आम्ही तिला हंसत असूं. तिचें म्हणणें वाग्भटाच्या 'अष्टांगहृदयां'त आहे, आणि एक चिनी भिक्षु तेंच म्हणणें समुद्रापलीकडे घेऊन गेला, याची आम्हांस कल्पना नव्हती.

याच सातव्या शतकांत चीनमध्यें सुन सिमियाव नांवाचा थोर वैद्य होऊन गेला. माणसाचा जीव हजार सुवर्णनाण्यांहून मोलाचा आहे, या अर्थाचें नांव त्यानें आपल्या ग्रंथास दिलें. त्या ग्रंथांत त्यानें अठरा क्रियांची एक अंगमर्दनाची पद्धति दिली असून ती भारतांतील ब्राह्मणांची आहे, असें सरळ नमूद केलें आहे. तिचें आचरण नित्य करणाऱ्या वृद्धांची दृष्टि स्वच्छ राहते, अंग हलकें होतें व अन्न गोड लागतें, असा त्याचा विश्वास होता. जेवणानंतर चूळ भरावी, तळहातांनीं चेहरा व पोट चोळावें आणि सावकाश चालावें, असेंहि तो सांगतो. आपण जिला शतपावली म्हणतों, ती ही गोष्ट.

त्वचेविषयीं चिनी वैद्यकाचा मूळ सिद्धांत असा कीं, त्वचा व तिच्यावरील लव यांचें नियमन फुप्फुसें करतात, आणि चेहऱ्याचा रंग हा आंतील अवयवांच्या स्थितीचा आरसा असतो. म्हणून वैद्य प्रथम चेहरा पाहतो, मग जीभ व नाडी. आपल्या आयुर्वेदानें कांतीचें कारण त्वचेंतील भ्राजक पित्तांत शोधलें. आजच्या शारीरशास्त्रास हीं दोन्ही उत्तरें मान्य होणार नाहींत. पण दोघांच्या चुकींतहि एक शहाणपण होतें: पोट, झोंप, श्रम व मन यांचा विचार सोडून केवळ वरून लेप देणें त्यांस पुरेसें वाटत नव्हतें.

आतां उटण्याकडे वळूं. चीनमध्यें अंग धुण्यासाठीं जें चूर्ण वापरीत, त्यास 'झाव-दौ', म्हणजे धुण्याच्या शेंगदाण्यांचें नव्हे तर धुण्याच्या कडधान्याचें चूर्ण, असें म्हणत. पांचव्या शतकाच्या आरंभीं चिनी भाषेंत उतरलेल्या एका विनयग्रंथांत भिक्षूंनीं अंग धुण्यास कोणकोणतीं कडधान्यें वापरावीं याची यादी आहे, आणि तींत उडदाचें 'माष' हें संस्कृत नांव चिनी उच्चारांत तसेंच राहिलें आहे. सुन सिमियावच्या काळीं या साध्या पिठांत चंदन, लवंग, कस्तुरी, बाय-झ नांवाची सुगंधी मुळी इत्यादि द्रव्यें पडूं लागलीं. डुकराचें स्वादुपिंडहि त्यांत घालीत. हा भाग आपल्या वाचकांस रुचणार नाहीं, पण चरबीचा मळ काढण्यास त्याचा उपयोग होई. बाकी सारा थाट ओळखीचाच. आपल्या उटण्यांत मसुराचें किंवा हरभऱ्याचें पीठ, आंबेहळद, कचोरा, वाळा, चंदन व नागरमोथा असतात. त्यांतील नागरमोथा चिनी वैद्यांच्या दुकानींहि मिळतो.

या चूर्णाची एक गमतीची कथा पांचव्या शतकांतील एका चिनी कथासंग्रहांत आहे. वांग दुन नांवाच्या सरदाराचा विवाह राजकन्येशीं झाला. नवीनच राजवाड्यांत आलेल्या या गृहस्थापुढें दासीनें सोन्याच्या भांड्यांत पाणी व कांचेच्या वाटींत अंग धुण्याचें चूर्ण आणून ठेवलें. त्यानें तें पाण्यांत कालवून सातूच्या पिठासारखें पिऊन टाकलें! दासींनीं तोंडावर हात धरून हंसूं दाबलें. एका काळीं ही वस्तु केवळ श्रीमंतांची होती, हेंच या कथेवरून दिसतें.

आणि येथेंच सुन सिमियावचें जें वचन मला सर्वांत मोलाचें वाटतें, त्याचा भावार्थ सांगतों. चेहऱ्याचीं व हातांचीं मलमें, वस्त्रांचीं सुगंधी द्रव्यें आणि अंग धुण्याचीं चूर्णें सर्वांनाच हवीं असतात, असें तो म्हणतो. पण आजचे वैद्य त्यांच्या कृति इतक्या लपवितात कीं, शिष्यास त्या बाहेर सांगण्याची मनाई करतात, आणि बाप मुलासहि दाखवीत नाहीं. वास्तविक थोरांनीं नियम घालून दिले, ते घरोघरीं कळावे व प्रत्येकास ठाऊक व्हावे म्हणून. असें म्हणून त्यानें त्या कृति वजनमापांसह लिहून टाकल्या. म्हणजे 'चिनी वैद्यकाचें गुपित' म्हणून जें आज डबींत विकलें जातें, त्याविरुद्ध चिनी वैद्यकाच्या एका श्रेष्ठ आचार्यानेंच तेराशें वर्षांपूर्वीं तक्रार नोंदविलेली आहे.

याचा अर्थ जुन्यांचें सारेंच निर्दोष होतें, असा नव्हे. गोरेपणाचा हव्यास तेथेंहि होता. शिशाची पांढरी भुकटी चिनी स्त्रिया शतकानुशतकें चेहऱ्यास लावीत, आणि सुन सिमियावच्या कृतींतहि कोठें पारा व शिसें येतें. हीं विषें आहेत, हें आज निर्विवाद आहे. पारा त्वचेंतून शरीरांत शिरतो व मूत्रपिंडें बिघडवितो. २०१३ सालच्या मिनामाता करारान्वयें पारा घातलेलीं, त्वचा उजळविणारीं प्रसाधनें बनविणें व देशोदेशीं पाठविणें २०२० पासून बंद करण्याचें ठरलें तें याचसाठीं. १९९९ सालीं लंडनच्या कांहीं डॉक्टरांनीं त्वचारोगांवर दिलीं जाणारीं अकरा चिनी वनौषधि-मलमें तपासलीं, तेव्हां त्यांतील आठांत डेक्सामेथासोन हें स्टिरॉइड निघालें. ब्रिटिश मेडिकल जर्नलांत तो वृत्तांत प्रसिद्ध आहे. वनस्पतींच्या नांवाखालीं दुसरेंच औषध विकलें जात होतें. आणि रोग्यास तें ठाऊक नव्हतें, हा त्यांतील खरा अपराध. सुन सिमियावच्या ग्रंथांत पारा आहे हें आपण आज सांगूं शकतों, कारण त्यानें तें लिहून ठेवलें. उघड सांगितलेली चूक पुढची पिढी दुरुस्त करते. झांकलेली चूक कोण दुरुस्त करणार?

म्हणून या इतिहासाचा मला जो बोध झाला, तो असा. भारत व चीन यांनीं एकमेकांस जें दिलें व जें टिकलें, तें गुपित नव्हतें. तो परिपाठ होता. वेळेवर स्नान, स्नानापूर्वीं तेल, डाळीचें पीठ, बेताचें जेवण, जेवणानंतर चूळ व चार पावलें चालणें, रात्रींची झोंप: यांतील एकहि गोष्ट लपविण्याजोगी नाहीं. आजचे डॉक्टर यांत थोडी भर घालतात. पाणी फार कढत नसावें, साबण बेतानें वापरावा, आंघोळीनंतर त्वचा कोरडी पडूं देऊं नये, दुपारच्या उन्हापासून चेहरा जपावा, तंबाखू टाळावी. आणि उटण्यानेंहि एखाद्याच्या त्वचेस खाज सुटत असेल तर तें सोडावें. या सूचना इत्सिंगनें आपल्या वहींत आनंदानें उतरून घेतल्या असत्या.

या परिपाठास पाणी मात्र लागतें. भारतांत जागोजागीं तळीं आहेत, याचें इत्सिंगला कौतुक वाटलें. आमच्या शहरांत सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें जमिनीखालून नहर आणून पाणी खेळविलें. त्याच शहरानें पुढें नळाच्या पाण्यासाठीं कित्येक दिवस वाट पाहण्याची पाळीहि अनुभवली. ज्या घरांत आंघोळीची बादली मोजून वापरावी लागते, त्या घरास कांतीचे धडे देण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पुतणीचा चेहरा चारसहा महिन्यांनीं निवळला. त्यानंतर मी तिला अजिंठ्यास घेऊन गेलों. सतराव्या लेण्यांत दासींच्या मेळाव्यांत आरसा हातीं धरून शृंगार करणारी एक राजस्त्री आहे. वाकाटकांच्या काळांतील, पांचव्या शतकांतील त्या चित्रकारांनीं राण्या रंगविल्या, दासी रंगविल्या, अप्सरा रंगविल्या. त्यांत गोऱ्या आहेत तशा सांवळ्याहि आहेत, आणि सांवळीस कोठें उणें लेखलेलें दिसत नाहीं. पुतणी त्या चित्रापुढें बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "काका, हिला नाकारायला कोणी आलें नव्हतें वाटतें." मला उत्तर सुचलें नाहीं. या वर्षीं नरकचतुर्दशीस ती पाटावर बसली, आणि उटण्यांत काय काय घातलें आहे तें तिनें आधीं आपल्या काकूस विचारून घेतलें.