फिरोजशाह मेहता उद्यान, मुंबई

मुंबईच्या मलबार टेकडीवरील एक ऐतिहासिक उद्यान. ‘हँगिंग गार्डन’ या नावाने ते अधिक परिचित आहे. टेकडीच्या माथ्यावर, पश्चिमेकडील अंगास ते वसले असून तेथून अरबी समुद्रावरील सूर्यास्ताचे दर्शन घडते. कमला नेहरू उद्यान त्याच्या समोरच आहे.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० च्या सुमारास मिळू लागले. पुढे वाढत्या वस्तीसाठी उंचावर साठवणटाक्या बांधणे आवश्यक ठरले. १८८० नंतरच्या दशकात मलबार टेकडीवर जलाशय सिद्ध झाला व त्याच्या छतावर माती पसरून बाग तयार करण्यात आली. बाग अशी टाक्यांवर तोलली गेल्याने तिला हे नाव पडले. पशुपक्ष्यांच्या आकारात कातरलेली झुडुपे हे तिचे वैशिष्ट्य होय. मुंबईच्या नागरी कारभाराचे धुरीण सर फिरोजशाह मेहता (१८४५–१९१५) यांचे नाव तिला देण्यात आले.

जलाशयातून गिरगाव, ग्रँट रोड इ. दक्षिण मुंबईच्या भागांना पाणी पुरविले जाते. तो जीर्ण झाल्याचे सांगून महानगरपालिकेने त्याच्या पुनर्बांधणीची सु. ६९८ कोटी रुपयांची योजना आखली. सु. १४·८ कोटी लिटरांची साठवणक्षमता १९·१ कोटी लिटरांपर्यंत नेण्याचा तीत उद्देश होता. तथापि टाक्या पाडावयाच्या, तर त्यांवरील बाग मोडणे अटळ होते. ३८९ वृक्षांपैकी काही तोडावे व उरलेले अन्यत्र हलवावे लागणार होते, तसेच उद्यान काही वर्षे बंद राहणार होते.

२०२३ मध्ये रहिवाशांनी या योजनेस विरोध केला. स्वाक्षऱ्यांची मोहीम व सभा यांबरोबरच पुनर्बांधणीची गरज तज्ञांकडून तपासून घ्यावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. टाक्यांचे अनेक कप्पे असल्याने एकेक कप्पा रिकामा करून दुरुस्ती करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. कप्पे रिकामे केल्यास दक्षिण मुंबईचा पाणीपुरवठा विस्कळित होईल, ही प्रशासनाची भीतीही निराधार नव्हती. अखेर मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक, स्थानिक तज्ञ व पालिका अधिकारी यांची समिती नेमण्यात आली. तिने डिसेंबर २०२३ मध्ये जलाशयाची आतून पाहणी केली. सदस्यांत पूर्ण एकमत न झाल्याने दोन अहवाल सादर झाले. त्यानंतर रूडकीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे मत घेण्यात आले. पुनर्बांधणीची गरज नसून दुरुस्ती पुरेशी आहे, असा तिचा निष्कर्ष २०२४ मध्ये पुढे आला व मूळ योजना मागे पडली.

शहराची पाण्याची गरज व वारसा यांत एकाचीच निवड करावी लागेल, असे प्रारंभी वाटत होते. प्रत्यक्ष टाकीत उतरून केलेल्या पाहणीने हा पेच सुटला. सार्वजनिक बांधकाम पाडण्यापूर्वी त्याची गरज उघडपणे सिद्ध व्हावी, हा नागरिकांचा आग्रह येथे फलद्रूप झाला.