पाइप, पवनचक्की आणि छर्‍याची बंदूक

पार्ल्यात बंदूक असते कोणाकडे? बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे आणि विमानतळावरच्या जवानांकडे. एरवी जुन्या वस्तू जपण्याची हौस आमच्याकडे दांडगी. पण माळ्यावरून निघतात ते तानपुरे, बाजाच्या पेट्या आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. दुनळी काही निघत नाही. शिकारीचे किस्से असलेच तर ते कुणाच्या तरी मामेआजोबांचे, आणि हे मामेआजोबा हटकून कुठल्यातरी संस्थानात नोकरीला. तरीही, आयुष्यात एकदाही बंदूक न झाडलेला पार्लेकर शोधायला गेलात तर दमाल. कारण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बस पकडली की जुहू, आणि जुहूच्या वाळूत भेळ नि गोळ्याच्या आसपास फुग्यांचा फळा.

हा फळा नीट बघण्यासारखा असतो. फुगे मुठीएवढेच फुगवलेले, ओळींनी बांधलेले. मोठे फुगवले तर नेम चुकणंच कठीण, मग धंदा कसा व्हायचा? शिवाय संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की सगळी ओळ डुलायला लागते. बंदुकीचा दस्ता शेकडो हातांच्या घामाने काळपट झालेला, नळीच्या टोकाची माशी एका अंगाला कललेली. आपण नेम धरतो तो त्या वाकड्या माशीतून, आणि चुकलो की दोष आपल्या हाताला देतो. फुगेवाला नळी खाली दाबून बंदूक मधोमध मोडतो, शिशाचा छर्रा अंगठ्याने आत बसवतो, ‘खट्‌’ करून नळी जागेवर आणतो आणि बंदूक आपल्या हातात देतो. या एका झटक्यात सगळं यंत्रशास्त्र आलं. नळी मोडताना आतला दट्ट्या मागे जातो आणि पोलादी स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे आदळतो, त्याच्यासमोरची चमचाभर हवा दाबली जाते आणि छर्‍याला ढकलते. दारू नाही, धूर नाही, काडतूस नाही. जुन्या बंदुकीत दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की हवा निसटते आणि छर्रा फळ्यापर्यंत पोचतो खरा, पण थकून. मग फुगेवाला तेलाचे दोन थेंब सोडतो. बंदुकीची देखभाल म्हणजे एवढीच.

या बंदुकीचं कूळ शोधायला बसलं की गंमत दिसते. तिच्या पूर्वजांत बंदूकवाले थोडे आणि भलतेच धंदे करणारे फार.

हवेच्या जोरावर गोळी मारायची कल्पना युरोपात सोळाव्या शतकापासून आहे. पण तिला युद्धावर नेलं ते टायरॉलच्या बार्थोलोमेउस जिरार्दोनी नावाच्या घड्याळजीने. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याची रायफल घेतली. तिचा दस्ता म्हणजे चक्क हवेची बाटली. हातपंपाने ती भरायला सुमारे दीड हजार हेलपाटे मारावे लागत, पण एकदा भरली की वीसेक गोळ्या पाठोपाठ सुटत, तेही ज्या काळात साध्या शिपायाला दर गोळीला दारू ठासावी लागे त्या काळात. मात्र झडपा नाजूक, बाटल्या गळक्या, आणि लढाईच्या धुमाळीत पंप मारणार कोण? नेपोलियनची युद्धं संपता संपता ती सैन्यातून गेली.

पुढचा पूर्वज पवनचक्कीवाला. अमेरिकेत मिशिगनमधल्या प्लिमथ गावी शेतकर्‍यांसाठी लोखंडी पवनचक्क्या करणारी एक कंपनी होती. १८८८ मध्ये तिथे छोटीशी धातूची हवाबंदूक करून पाहिली आणि पवनचक्की घेणार्‍याला ती भेट द्यायला सुरुवात केली. गिर्‍हाइकं चक्कीपेक्षा भेटीवरच खूष. काही वर्षांत कंपनीने चक्क्या सोडल्या, नाव बदलून ‘डेझी’ केलं आणि अमेरिकेतल्या पोरांच्या हाती बंदूक दिली. त्याच सुमारास जर्मनीत राश्टाटला मायर आणि ग्रामेलश्पाखर यांचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या मालावर शिकारदेवता डायनाची छाप. दुसर्‍या महायुद्धानंतर ही छाप आणि यंत्रसामग्री दोन्ही स्कॉटलंडला गेली, आणि खुद्द जर्मन कंपनीला काही वर्षं स्वतःचाच माल स्वतःच्या नावाने ब्रिटनमध्ये विकता येईना. तहात देवतासुद्धा वाटून घेतात, याचा हा नमुना.

अस्सल बंदूकवाले म्हणावेत असे या वंशावळीत एकच: बर्मिंगहॅमचे बीएसए. आपल्याकडे ते सायकल-मोटरसायकलीमुळे ठाऊक. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपलं, सैन्याच्या मागण्या ओसरल्या, यंत्रं रिकामी पडायला लागली. अशात लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच कारागिराचं १९०४ सालचं पेटंट त्यांच्या हाती आलं आणि पुढच्या वर्षापासून बीएसएने हवेच्या रायफली काढायला सुरुवात केली. म्हणजे त्यांनाही हा धंदा सुचला तो मंदीत.

हवाबंदूक हिंदुस्थानात पोचायला वेळ लागला नाही. मुंबईतली तिची सर्वांत प्रसिद्ध गोळी १९०८ च्या सुमाराची. अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढणार्‍या त्यांच्या पोरक्या भाच्याने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे धाडलं. त्यांनी पक्षी तर ओळखलाच, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च असलेली कपाटं उघडून दाखवली. भाच्याचं नाव सालिम अली. आज असा छर्रा झाडला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येईल, आणि ते बरंच आहे. पण भारतीय पक्षिशास्त्राच्या मुळाशी एक हवाबंदूक आहे, हे विसरून चालणार नाही.

त्या मुलाच्या हाती एअरगन होती, खरी बंदूक नव्हती, याला वयाखेरीज कायदाही कारण. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि गोर्‍यांना त्यातून सूट दिली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याबद्दल तक्रार मांडली होती. पुढे १८९७ मध्ये पुण्यात रँड आणि १९०९ मध्ये नाशकात जॅक्सन हे इंग्रज अधिकारी मारले गेले, तेव्हा मराठी मुलखात पिस्तूल सापडणं म्हणजे काय हे घरोघर कळलं. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला, गोर्‍यांची सूट अर्थातच गेली होती, पण परवाना राहिला. हवाबंदुकीला मात्र १९६२ च्या नियमांत वाट मिळाली. तिची परीक्षा मोठी घरगुती होती: जवळून झाडलेला छर्रा इंचभर जाडीच्या मऊ लाकडाच्या फळीतून आरपार गेला नाही, तर परवाना नको. आता फळी गेली आणि ज्यूल आले. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. जुहूचा फुगेवाला या फटीत उभा आहे. कायद्याने ही फट ठेवली नसती, तर फळ्यासमोर आपण रिंगा फेकत बसलो असतो.

फुगा तसा फार जुना नाही. रबराचा पहिला फुगा मायकेल फॅरेडेने १८२४ मध्ये केला, तो हायड्रोजनच्या प्रयोगासाठी. साचा पातळ लेटेक्समध्ये बुडवून काढायचा आजचा स्वस्त फुगा १९३१ चा, अमेरिकेतल्या नील टिलटसनचा. फटकन फुटणारं आणि फुटल्याचं दुःख न होणारं लक्ष्य त्यामुळे मिळालं. त्याआधी युरोपातल्या जत्रांत मातीच्या चिलमी आणि पत्र्याची बदकं असत.

मधल्या काळात बंदूकही देशी झाली होती, आणि इथे माझा आवडता पूर्वज येतो: सिमेंटचे नळ करणारी इंडियन ह्यूम पाइप. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये ही कंपनी काढली. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूमने साचा गरगर फिरवून काँक्रीटचे नळ ओतायची रीत काढली होती, त्यावरून हे नाव. गावोगावच्या पाणीयोजनांना नळ पुरवणार्‍या या कंपनीने एअर रायफलीही केल्या. ‘आयएचपी’ची पस्तीस नंबर ही जर्मन डायनाच्या पस्तीसवर बेतलेली. वजनाला भक्कम, दिसायला ओबडधोबड, पण चालायला चिवट. हौशी लोक अजून ती खोलून, वायसर बदलून, स्प्रिंग नवी घालून वापरतात आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणतात, जुन्या स्कूटरबद्दल बोलावं तसा. पाण्याचा नळ करणारे बंदुकीची नळी करू लागले यात मला विसंगती दिसत नाही. हवाबंदुकीत अवघड काम एकच, सरळ आणि एकसारखं भोक. अंबरनाथची प्रिसिहोल ही मुळात खोल भोकं पाडायची यंत्रं करणारी मंडळी. त्यांनीही पुढे एअर रायफली काढल्या, आणि त्यांचं नवं मॉडेल येणार म्हटलं की हौशी माणसं महिना-महिना आधी चर्चा करतात: स्प्रिंगची की गॅसची, दस्ता लाकडी की प्लास्टिकचा, आणि पार्सल घरी आलं की बायकोला काय सांगायचं.

बंदुकीचा दुसरा खेळ, उडत्या तबकडीवर दुनळी झाडण्याचा, तो मात्र पार्ल्याला कधी शिवला नाही. त्याचं कूळच निराळं. अठराव्या शतकाअखेर इंग्लंडातले जमीनदार पेटार्‍यातून जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरीत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा शेकडो कबुतरं अशी मारली गेली. कबुतरांच्या जागी काचेचे गोळे त्याच्या कितीतरी आधी आले होते, पण मैदानभर काचा पसरू लागल्या. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगाउस्कीने भाजक्या मातीची बशी काढली. आजच्या तबकडीत माती नसतेच, चुनखडीची भुकटी आणि डांबराची जात असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. ती फोडायची ती बारा बोअरच्या काडतुसाने, ज्यात २४ ग्रॅम शिसं असतं आणि ताकद दोन हजार ज्यूलच्या घरात. म्हणजे परवाना आला, दर गोळीचा खर्च आला, आणि मुख्य म्हणजे जागा आली. छर्‍यांचा पाऊस दोन-सव्वादोनशे मीटरपर्यंत पडतो. एवढी मोकळी जागा पार्ल्यात एकाच ठिकाणी आहे आणि तिथे विमानं उतरतात. म्हणून या खेळातली आपली मोठी नावं बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह (१९६२ च्या कैरो विश्वस्पर्धेत रौप्य) आणि लष्करातले राज्यवर्धन राठोड (२००४, अथेन्स, रौप्य) अशी आहेत. एकाकडे संस्थान, दुसर्‍यामागे सेना.

मराठी माणसाच्या वाट्याला आले ते दहा मीटर. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने. नवख्या नेमबाजांची राष्ट्रीय स्पर्धेआधीची चाळणी अजून मावळंकरांच्या नावानेच होते. पण राजेरजवाड्यांच्या खेळात चाळीतली पोरं शिरली ती एअर रायफल १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आल्यानंतर. दहा मीटर म्हणजे शाळेच्या वर्‍हांड्याएवढी लांबी. छर्‍याची किंमत काडतुसाच्या मानाने किरकोळ. आवाज इतकाच की शेजारच्या वर्गातला तास बंद पडू नये. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजे आताच्या अंजली भागवत, १९८८ मध्ये रायफल हातात घेतल्यावर आठवडाभरातच राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि रौप्य घेऊन आल्या. संजय चक्रवर्ती सर शिकवायला, वरळीची रेंज सरावाला. सिडनीला २००० मध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली, चार वर्षांनी अथेन्सला सुमा शिरूर यांनी. त्याच वर्षी क्वालालंपूरला सुमाताईंनी ४०० पैकी ४०० गुण घेतले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला. या सगळ्यांची मुख्य बंदूक दारूची नव्हे, हवेची. तिचा छर्रा फुगेवाल्याच्या छर्‍याएवढाच, ४.५ मिलिमीटरचा. फरक लक्ष्यात: दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. टाचणीचं डोकंसुद्धा त्याहून मोठं.

स्पर्धेच्या रायफलीत आता स्प्रिंग नसते. स्प्रिंग सुटली की सगळी बंदूक हादरते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात तो हादरा परवडत नाही. म्हणून नळीखाली दोनशे बारला भरलेला हवेचा सिलिंडर असतो. म्हणजे स्प्रिंगवाल्यांना ओलांडून वंश पुन्हा त्या टायरॉलच्या घड्याळजीच्या बाटलीपाशी पोचला, फक्त दीड हजार हेलपाट्यांऐवजी पाणबुड्यांच्या टाकीतून हवा भरून घ्यायची. या सिलिंडरला मुदत असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची देतात, आणि तारीख उलटलेला सिलिंडर मोठ्या स्पर्धेत तपासणीला आणला तर परत पाठवतात. मुलीसाठी वापरलेली रायफल घ्यायला निघालेल्या पालकांना क्लबातली जाणती मंडळी म्हणून सांगतात: दस्त्यावरचे ओरखडे नंतर बघा, आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, नवा घ्यायचा झाला तर सौद्यात जे वाचवलंत ते सगळं तिथे जाईल.